जमावबंदीचा कागद आधी मागा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कालव्याचं आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, वेळेवर मिळावं म्हणून तहसील कार्यालयासमोर धरणं धरायचं ठरलं. पोलीस ठाण्यात अर्ज दिला. चार दिवसांनी उत्तर मिळालं ते तोंडी: "जिल्ह्यात जमावबंदी आहे, परवानगी देता येणार नाही." त्याच संध्याकाळी पाच-सहा जणांना नोटिसा आल्या की काही अनुचित घडलं तर जबाबदारी तुमची. शांततेने जमण्याचा हक्क संविधानात असताना प्रशासनाला असं करता येतं का? आदल्या रात्री उचललं तर काय करायचं? आणि आंदोलनात कॉलेजची मुलंही आहेत, त्यांच्यावर केस झाली तर पुढे नोकरीला अडचण येईल का?

मी जिल्हा न्यायालयात आणि खंडपीठात अशी प्रकरणं बरीच वर्षं चालवतो आहे, त्यामुळे कायद्याच्या पुस्तकापेक्षा प्रत्यक्षात काय होतं ते जास्त सांगतो.

आधी तत्त्वाचं. अनुच्छेद 19 ने नागरिकांना 'शांततेने व विनाशस्त्र' एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे. त्यावर निर्बंध घालायला 19(3) मध्ये दोनच कारणं आहेत: देशाचं सार्वभौमत्व व एकात्मता, आणि सार्वजनिक सुव्यवस्था. निर्बंध वाजवीही असावा लागतो. 'मंत्रिमहोदयांचा दौरा आहे' किंवा 'बंदोबस्ताला मनुष्यबळ नाही' ही कारणं त्या यादीत नाहीत. वाहतुकीसाठी जागा आणि वेळ ठरवून देता येते, पण त्याला नियमन म्हणतात. ते करता करता सरसकट बंदीवर जाता येत नाही.

'सार्वजनिक सुव्यवस्था' म्हणजे नेमकं काय, हे राम मनोहर लोहियांच्या 1965 च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचे न्या. हिदायतुल्ला यांनी फार नेमकेपणाने मांडलं आहे. एकात एक अशी तीन वर्तुळं काढा. सगळ्यात मोठं कायदा-सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं, आणि सगळ्यात आत राज्याच्या सुरक्षेचं. दोघांची रस्त्यात मारामारी झाली तर कायदा-सुव्यवस्थेचा भंग होतो, सार्वजनिक सुव्यवस्थेचा होतोच असं नाही. मनाई आदेश काढणारे अधिकारी बाहेरच्या वर्तुळातली भीती दाखवतात आणि आतल्या वर्तुळातले अधिकार वापरतात. बहुतेक आदेश न्यायालयात टिकत नाहीत ते इथेच.

आता 'जमावबंदी' या शब्दाखाली काय काय येतं ते पाहू. तुम्हाला तोंडी सांगितलं गेलं, त्यामुळे नेमकं कोणतं कलम लावलं आहे हे तुम्हाला माहीत नाही, आणि सांगणाऱ्या अंमलदारालाही बहुधा नसेल. महाराष्ट्रात याची तीन वेगवेगळी उगमस्थानं आहेत.

एक म्हणजे सगळ्यांना माहीत असलेलं कलम 144. फौजदारी प्रक्रिया संहिता गेली आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यात ते कलम 163 झालं. मजकूर जवळपास तोच. हा आदेश दंडाधिकारी काढतो, लेखी काढतो, त्यात महत्त्वाची तथ्यं नमूद करावी लागतात, आणि तो दोन महिन्यांपेक्षा जास्त टिकत नाही. राज्य सरकारला ही मुदत आणखी सहा महिन्यांपर्यंत वाढवता येते, पण तेही लेखी.

दुसरं महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 चं कलम 37. ग्रामीण भागात प्रत्यक्षात लागू असतं ते बहुतेक वेळा हेच. पोटकलम 1 शस्त्रं, काठ्या, दगड, पुतळे जाळणं वगैरेंवर. पोटकलम 3 जमाव आणि मिरवणुकांवर. पोटकलम 3 खालचा आदेश राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय 15 दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. म्हणून काय करतात, तर 15 दिवस संपले की नवा आदेश. जुन्या आदेशातली तारीख आणि सणांची नावं बदलतात, बाकी वाक्यं तीच. 'शांतता व सुव्यवस्था भंग होण्याची शक्यता नाकारता येत नाही' हे वाक्य मी इतक्या आदेशांत वाचलं आहे की आता नजर आपोआप पुढे सरकते. शक्यता तर कशाचीच नाकारता येत नाही! नेमकी कोणती माहिती हाताशी होती, ती कुठून आली, याबद्दल त्या आदेशात एक ओळही नसते.

तिसरा उगम परवानगीच्या नियमांचा. त्याच पोलीस अधिनियमाच्या कलम 33 खाली पोलिसांना सभा-मिरवणुकांसाठी नियम करता येतात. यावर 1972 चा हिम्मतलाल शाह निकाल आहे, पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा. अहमदाबादच्या पोलीस आयुक्तांनी सार्वजनिक रस्त्यावरच्या सभेला परवानगी नाकारली होती, आणि ज्या नियमाखाली नाकारली त्यात कधी द्यायची, कधी नाकारायची याचा काहीच निकष नव्हता. न्यायालयाने तो नियम रद्द केला. रस्त्यावरच्या सभेचं नियमन करता येईल, पण अधिकाऱ्याच्या निव्वळ मर्जीवर हक्क सोडता येणार नाही, हा त्या निकालाचा गाभा. पन्नासहून अधिक वर्षं झाली, तरी "साहेबांची इच्छा नाही" हे कारण आजही तोंडी दिलं जातं.

हे तीन प्रकार वेगळे करायचं कारण असं की प्रत्येकाला आव्हान देण्याची जागा वेगळी आहे. म्हणून पहिलं काम: तोंडी उत्तर स्वीकारू नका. ठाण्यात लेखी पत्र द्या, आवक क्रमांक आणि शिक्क्यासह पोच घ्या, आणि दोनच गोष्टी मागा. कोणत्या कलमाखालचा, कोणत्या तारखेचा मनाई आदेश आहे त्याची प्रत. आणि परवानगी नाकारल्याचा कारणांसह लेखी निर्णय. हीच मागणी तहसीलदार, प्रांत आणि जिल्हादंडाधिकारी यांना ई-मेलनेही पाठवा. बऱ्याचदा या पत्रानंतरच आदेश काढला जातो, आणि मग तारखाच बोलतात. अर्ज 5 तारखेचा आणि आदेश 8 तारखेचा असेल तर तो कुणासाठी काढला हे न्यायालयाला वेगळं सांगावं लागत नाही.

आता न्यायालयं याकडे कशी पाहतात ते. कलम 144 घटनाबाह्य आहे असं म्हणून लढायला जाऊ नका. तो दरवाजा 1961 मध्येच बंद झाला. बाबूलाल पराते यांचं ते प्रकरण नागपूरच्या गिरणी कामगारांच्या वादातून आलेलं होतं. पुढे 1970 मध्ये मधू लिमये यांच्या याचिकेवर सात न्यायमूर्तींनी तेच कायम केलं. पण कलम वैध ठरवताना न्यायालयाने घातलेल्या अटी आपल्या कामाच्या आहेत. धोका तातडीचा हवा, आदेश तात्पुरता हवा, आणि त्याची न्यायालयीन तपासणी होऊ शकली पाहिजे. रामलीला मैदानावर जून 2011 मध्ये झोपलेल्या लोकांवर मध्यरात्री पोलीस कारवाई झाली, त्या प्रकरणातही न्यायालयाने 2012 मध्ये विचारलं ते हेच: इतक्या तातडीने 144 लावावं असं नेमकं घडलं काय होतं?

सगळ्यात उपयोगी निकाल म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा 10 जानेवारी 2020 चा, अनुराधा भसीन प्रकरणातला. तो मुख्यतः काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीचा म्हणून लोकांना माहीत आहे, पण त्यातला 144 वरचा भाग प्रत्येक आंदोलकाने वाचावा असा आहे. वैध मतप्रदर्शन, गाऱ्हाणं किंवा लोकशाही हक्काचा वापर दडपण्यासाठी हे कलम वापरता येणार नाही. आदेशात महत्त्वाची तथ्यं हवीत. धोक्याच्या प्रमाणात, कमीत कमी जाचक असा उपाय निवडायला हवा. पुन्हा पुन्हा तेच आदेश काढणं हा अधिकाराचा दुरुपयोग आहे. आणि आदेश प्रसिद्ध करायलाच हवा. इंटरनेटबंदीचेही आदेश प्रसिद्ध करणं त्याच निकालामुळे बंधनकारक झालं. तालुक्यात अचानक नेट गेलं तर त्या आदेशाचीही प्रत मागा.

आणि आपल्या घरचा निकाल. नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध बीड जिल्ह्यातल्या माजलगावला लोकांना ईदगाह मैदानावर बेमुदत धरणं धरायचं होतं. अपर जिल्हादंडाधिकाऱ्यांचा कलम 37 चा आदेश पुढे करून पोलिसांनी परवानगी नाकारली. औरंगाबाद खंडपीठाने 13 फेब्रुवारी 2020 रोजी आदेश आणि नकार दोन्ही रद्द केले. आदेश वरकरणी सगळ्यांसाठी दिसतो, प्रत्यक्षात तो या आंदोलकांसाठीच आहे, हे न्यायमूर्तींनी आदेशाच्या भाषेवरूनच ओळखलं. एखाद्या कायद्याला विरोध करतात एवढ्यावरून लोकांना देशद्रोही किंवा राष्ट्रविरोधी म्हणता येणार नाही, असंही स्पष्ट लिहिलं. कलम 37 च्या आदेशाविरुद्ध याचिका करताना माझ्या फाइलमध्ये हा निकाल पहिला असतो.

इथवर वाचून कायदा पूर्ण तुमच्या बाजूने आहे असं वाटेल. निकालांपुरतं ते बरंचसं खरंही आहे. पण बंदीचं काम निकालाच्या आधीच झालेलं असतं, आणि इतक्या वर्षांत मला सगळ्यात जास्त खुपलेली गोष्ट हीच. बंगळुरूत डिसेंबर 2019 मध्ये 19 ते 21 तारखेपर्यंत 144 लावलं. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं, पण फेब्रुवारी 2020 मध्ये. आणीबाणीतलं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. 1975 मध्ये मुंबईतल्या वकिलांना जिना हॉलमध्ये, म्हणजे चार भिंतींच्या आत, नागरी स्वातंत्र्यावर सभा घ्यायची होती. वक्ते होते एम. सी. छागला आणि जे. सी. शाह. पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली. मुंबई उच्च न्यायालयाने ऐन आणीबाणीत तो नकार रद्द केला, ही त्या न्यायालयाच्या इतिहासातली मान ताठ करणारी गोष्ट. तोवर सभेची ठरलेली तारीख मात्र उलटून गेली होती.

प्रशासनाला हे पक्कं ठाऊक असतं. आदेश रद्द झाला तरी अधिकाऱ्याच्या खिशातून काही जात नाही, आणि आंदोलनाचा दिवस गेला की लोक पांगतात, आवर्तनाची तारीखही निघून जाते. त्यामुळे तुमची खरी लढाई वेळेशी आहे. अर्ज दहा-बारा दिवस आधी द्या, आदल्या आठवड्यात नको. 48 तासांत लेखी उत्तर आलं नाही तर तेच नकार समजून वकिलाकडे जा. कलम 163 चा आदेश असेल तर तो रद्द करावा किंवा बदलावा असा अर्ज त्याच दंडाधिकाऱ्याकडे करता येतो. त्याला तुमचं म्हणणं ऐकावं लागतं आणि अर्ज फेटाळला तर कारणं लिहावी लागतात. ती कारणं पुढे कामाला येतात. उच्च न्यायालयात रिट याचिका दाखल करून तातडीचं सर्क्युलेशन, म्हणजे लवकर सुनावणी, मागता येतं. तिथे एक तडजोड हमखास पुढे येते: "या जागेऐवजी त्या मैदानात, इतक्या वेळेत करता का?" मागणी ऐकू जाईल अशी जागा असेल तर ती घ्या. गावाबाहेरचं ओसाड मैदान असेल तर मात्र विरोध करा. 2018 मध्ये जंतर-मंतरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सरसकट बंदी नाकारली ती हक्क आणि रहिवाशांची गैरसोय यांचा तोल साधायला हवा म्हणूनच.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण न्यायालयात ती तुमच्यासमोर येणारच आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये शाहीन बागच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून ठेवता येणार नाही. मुंबईत ऑगस्ट 2025 च्या अखेरीस मराठा आरक्षणाच्या आंदोलनाला आझाद मैदानावर 5000 लोकांच्या मर्यादेची अट घालून परवानगी होती. गर्दी त्यापलीकडे गेली, दक्षिण मुंबईचे रस्ते भरले, आणि उच्च न्यायालयाने कडक शब्दांत रस्ते मोकळे करायला सांगितलं. त्याच आझाद मैदानावर 11 ऑगस्ट 2012 ला परवानगी दिलेल्या सभेतून हिंसाचार झाला आणि दोघांचे जीव गेले. असं काही घडलं की परवानगीवर ज्याची सही असते त्याला जाब विचारला जातो. नकार देणाऱ्याला कुणी विचारत नाही. ठाण्यातला अधिकारी सहसा दुष्ट नसतो, तो या हिशेबाने वागतो. म्हणून त्याचं नाही म्हणणं अवघड करा. अर्जातच लिहून द्या: अंदाजे किती लोक, किती वाजेपर्यंत, ध्वनिक्षेपक किती, स्वयंसेवक कोण, रुग्णवाहिकेला वाट कुठून. एवढं लिहून दिल्यावर 'शक्यता नाकारता येत नाही' हे वाक्य फार पोकळ दिसतं.

आता नोटिसा. तुम्हाला आली ती बहुधा पूर्वीची 149 ची, आताची नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 168 ची. या कलमाचा मजकूर वाचलात तर आश्चर्य वाटेल. दखलपात्र गुन्हा रोखण्यासाठी पोलीस अधिकाऱ्याने हस्तक्षेप करावा, एवढंच त्यात आहे. तुम्हाला घरी बसवण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही, आणि नोटीस मिळूनही धरण्याला गेलात एवढ्याने गुन्हा होत नाही. शेवटी जे छापलेलं असतं, 'सदर नोटीस आपणाविरुद्ध पुरावा म्हणून वापरण्यात येईल', त्याने घरचे लोक घाबरतात, आणि तोच त्याचा उपयोग असतो. नोटीस घ्यायला नकार देऊ नका. घ्या, तारीख-वेळ टाकून सही करा, आणि दुसऱ्या दिवशी लेखी खुलासा द्या की आंदोलन शांततेचं आहे, मागणी अमुक आहे, आम्ही सहकार्य करू. पुढे काही झालंच तर तो खुलासाही तुमच्या बाजूचा पुरावा असतो.

चॅप्टर केसचं प्रकरण जरा जड असतं. पूर्वीचं 107, आता कलम 126. शांतता राखण्याचा बाँड (हमीपत्र) का घेऊ नये अशी कारणे दाखवा नोटीस कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडून येते. तिथे तारखेला हजर राहावंच लागतं. वकील घेऊन जा आणि ज्या माहितीवर नोटीस काढली तिचा तपशील मागा. छापील बाँडवर मुकाट्याने सही करून मोकळं होण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला पटत नाही. पुढच्या वेळी तोच बाँड 'पूर्वेतिहास' म्हणून समोर येतो.

आदल्या रात्री उचललं तर. दखलपात्र गुन्हा करण्याचा बेत आहे आणि दुसऱ्या कशाने तो रोखता येणार नाही असं दिसलं, तरच कलम 170 खाली (पूर्वीचं 151) वॉरंटशिवाय अटक करता येते, आणि तीही 24 तासांपेक्षा जास्त नाही. शांततेचं धरणं हा दखलपात्र गुन्हा नाही, त्यामुळे या अटकेचा पायाच लंगडा असतो. दुसरा मार्ग पोलीस अधिनियमाच्या 68-69 चा: निर्देश पाळले नाहीत म्हणून ताब्यात घ्यायचं, मंगल कार्यालयात किंवा ठाण्याच्या आवारात बसवायचं, संध्याकाळी सोडून द्यायचं. नव्या संहितेच्या कलम 172 मध्येही असाच अधिकार आला आहे, 24 तासांच्या मर्यादेत. दोन्ही वेळा विचारा: ही अटक आहे की ताब्यात घेणं, आणि कोणत्या कलमाखाली? ठाणे दैनंदिनीत नोंद करायला सांगा. अटक असेल तर अनुच्छेद 22 प्रमाणे कारणं कळवणं, वकिलाला भेटू देणं आणि 24 तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करणं बंधनकारक आहे. घरच्यांना कळवणंही. महिलांना सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करायची तर अपवादात्मक परिस्थिती आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, अटकही महिला अधिकाऱ्यानेच करायची. म्हणून त्या रात्री एक वकील फोनवर जागा ठेवा, त्याचा नंबर प्रत्येकाला तोंडपाठ असू द्या. मोबाइल पहिला काढून घेतात. नेतृत्व एकाच घरात झोपवू नका.

विशेष जनसुरक्षा विधेयकाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण बैठकीत कुणीतरी विचारणारच. ते जुलै 2025 मध्ये विधिमंडळाने मंजूर केलं, आणि त्याचा मुख्य रोख बेकायदा घोषित केलेल्या संघटनांवर आहे. पाण्याच्या आवर्तनाच्या धरण्याशी त्याचा संबंध जोडून कुणी धाक दाखवला तर घाबरू नका. मात्र त्यातली 'बेकायदा कृत्या'ची व्याख्या फार रुंद आहे, आणि रुंद व्याख्या कधी ना कधी वापरल्या जातात, हे माझं मत.

मुलांचं. मनाई आदेश मोडल्याचा गुन्हा, पूर्वीचं 188, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 223, जामीनपात्र आहे. त्यात पोलीस गुन्हा नोंदवतात, दोषारोपपत्र पाठवतात, पण न्यायालयाला दखल घ्यायची असेल तर आदेश काढणाऱ्या किंवा त्याच्या वरिष्ठ लोकसेवकाची लेखी तक्रार लागते. ती नसते म्हणून या कलमाचे कितीतरी खटले कोलमडतात. बेकायदा जमावाचं कलम 189 साधं लागलं तर तेही जामीनपात्र. मुलांना खरोखर जपायचं आहे ते पूर्वीच्या 353 पासून, आताच्या 132 पासून: लोकसेवकावर बळाचा वापर. ते अजामीनपात्र आहे, आणि कॉलर धरणं, ढकलाढकली, बॅरिकेड हवालदाराच्या अंगावर लोटणं यातून लागतं. मुलांना पहिल्या रांगेत, बॅरिकेडपाशी उभं करू नका.

नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत प्रलंबित गुन्हा दिसतो, हे खरं आहे. तो लपवू नये. लपवल्याने जितक्या उमेदवाऱ्या गेलेल्या मी पाहिल्या, तितक्या आंदोलनाच्या केसने गेलेल्या पाहिल्या नाहीत. फॉर्ममध्ये गुन्हा क्रमांक, कलम, ठाणे, सद्यस्थिती लिहा आणि प्रथम खबरीची प्रत जोडा. राजकीय-सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे शासन निर्णय गृह विभाग वेळोवेळी काढतो. जीवितहानी झालेली नसणं आणि मालमत्तेचं नुकसान ठरावीक मर्यादेत असणं या नेहमीच्या अटी. पण आपोआप काही होत नाही, अर्ज करावा लागतो आणि शेवटी न्यायालयाची परवानगीही लागते. त्यासाठी गुन्हा क्रमांकांची यादी आत्तापासून एका वहीत ठेवा आणि ती वही गावातच राहणाऱ्या माणसाकडे द्या.